आरपार भामरे

आमच्या समोरच्या फ्लॅटला पडदेच नाहीत. भामरे बनियनवर पोळी खाताना आम्हाला दिसतात. डब्यात तिखट किती उरलंय तेही दिसतं, कारण घरातला एकूण एक डबा त्यांनी काचेचा आणलाय. मी एकदा पडद्यांचा विषय काढला, तर म्हणाले, "काच असो की माणूस, ट्रान्स्परंट पाहिजे. आरपार दिसलं पाहिजे."

माणूस मुळात चुळबुळ्या. घडीभर एका जागी बसणार नाही. बसलाच तर हातातल्या फडक्यानं जवळची काच पुसत राहील. पोटात काही ठेवायचं नाही हा दुसरा नियम. लिफ्टमध्ये अनोळखी माणूस भेटला तरी ते स्वतःच्या मूळव्याधीपासून सुरुवात करतात.

याची खरी झळ लागली त्यांच्या एकुलत्या एक मुलीला, सुवर्णाला. वहिनी गेल्यापासून घर तीच सांभाळते. तिला बघायला पाहुणे आले की पोह्यांची बशी त्यांच्या हातात पडायच्या आत भामरे सांगून मोकळे: पोरगी तापट आहे, उशिरा उठते, भांडली की अबोला धरते. पाहुणे पोहे संपवून जायचे ते जायचेच.

सटाण्याचं स्थळ मात्र सुवर्णाच्या मनात भरलं होतं. ती मला म्हणाली, "काका, तुम्ही बाबांच्या शेजारी बसा. काहीही करून त्यांना गप्प ठेवा."

मी बसलो. भामरे पाय हलवत होते, उठत होते, खिडकी पुसून परत बसत होते. त्यांच्या पायी माझाच जीव टांगणीला लागला. तेवढ्यात मुलाच्या वडिलांनी सहज विचारलं, मुलीचा स्वभाव कसा आहे? मी भामऱ्यांचा गुडघा दाबला. आत बशांचा आवाज थांबला.

"तापट नाय ती," भामरे म्हणाले. "मीच तसं सांगायचो. आधीची स्थळं मीच मोडली." पुढचं बोलताना एकदम त्यांच्या गावची, देवळ्याची अहिराणी तोंडात आली. "ती गयी का मना घरमा कोण शे?"

सटाण्याच्या पाहुण्यांना अहिराणी कळत होतीच: ती गेली की यांच्या घरात उरणार कोण? हेही स्थळ गेलं, असंच मला वाटलं. मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं.

मुलाची आई उठली. दाराशी थिजलेल्या सुवर्णाच्या हातातला ट्रे तिनं काढून घेतला.

"जाय माय, पहिले बापना जोडे बस."

सुवर्णा येऊन त्यांच्याजवळ बसली. भामरे तिच्याकडे बघेचनात.