शिंकेवरचा वाघ

मुलांनो, शिंकेला वाघ कशाला? भुऱ्या सशाने हे खूप जणांना विचारलं. तुम्हाला उत्तर येत असेल तर हात वर करा.

एका जंगलात सरकारी दवाखाना होता. तिथे एक वाघ ठेवला होता. मोठा आजार आला की वाघाला रोग्याच्या घरी न्यायचे. वाघ डरकाळी फोडायचा. आजार खिडकीतून पळायचा.

पण रांग ओढ्यापर्यंत जायची आणि अस्वल डॉक्टर एकटेच. तपासायला वेळ लागतो. चिठ्ठीवर 'वाघ' लिहायला नाही.

"डॉक्टर, शिंका येतात," कोल्हीण म्हणाली.

"गरम पाणी प्या. आपोआप जातील."

"पाणीच प्यायचं तर ओढा काय वाईट होता? आम्हाला काय खुळं समजता?"

"बरं बाई, न्या वाघ."

मग काय! उचकीला वाघ. पायातल्या काट्याला वाघ. माकडाला गणिताच्या पेपराची भीती वाटली, वाघ! कुणी बरं वाटताच वाघाला अर्ध्यात हाकलायचं. मग उरलेला वाघ शेजारीण उसना न्यायची.

भुऱ्याने रांगेत उभं राहून विचारलं, "शिंकेला वाघ कशाला?"

"चला, पुढचा!" अस्वल म्हणाले.

हळूहळू आजारांना वाघाची सवय झाली. ते त्याच्या मिशा ओढू लागले. शेपटीला लोंबकळून झोके घेऊ लागले.

आणि भुऱ्याच्या ठकूताईला खराच मोठा आजार झाला. तो तिच्या छातीवर मांडी घालून बसला. वाघ आला.

"या वाघोबा," आजार म्हणाला. "दमलात ना? बसा. चहा घेणार?"

वाघ बसला.

भुऱ्या दवाखान्यात पळाला. "डॉक्टर, याच्याहून मोठं काहीतरी द्या! ताई आहे हो माझी!"

अस्वलाने पहिल्यांदाच मान वर केली. "याच्या पुढचं जनावर अजून जन्मलं नाही, बाळा."

भुऱ्या रडला. रडता रडता शिंकला.

"सिस्टर," अस्वल म्हणाले, "याला पण वाघ लिहा."

भुऱ्या घरी आला. ताईने डोळे उघडले. "वाघ आला नाही का रे? ओरडलेला ऐकू नाही आला."

वाघ कोपऱ्यात बशीतून चहा पीत होता.

"येतोय गं," म्हणून भुऱ्या दाराआड गेला. ताईसाठी त्याने केलेली ती शेवटची गोष्ट. एवढ्याशा गळ्यातून जमेल तेवढी मोठी डरकाळी त्याने फोडली.

तात्पर्य : डॉक्टरांना प्रश्न विचारू नयेत. रांग खोळंबते.