रुपरावांचे पथ्याचे सूप

आजार एकाच माणसाला होतो. पथ्य मात्र सर्वांचे असते. समाज टिकून आहे तो या व्यवस्थेमुळेच. आजाऱ्याला बरे कशाने वाटेल, हे आजारी नसलेल्या माणसालाच नीट कळते. (आजाऱ्याच्या तोंडाला चव नसते. त्याचे मत ग्राह्य कसे धरणार?)

नागपुरात, १९७४ च्या हिवाळ्यात, मला ही व्यवस्था जवळून पाहता आली. अजनीला मी ज्यांच्या घरी भाड्याने राहत होतो ते रुपराव विषमज्वरातून नुकतेच उठले होते. उठले होते म्हणजे उशीला टेकून बसत होते. विलायतेत शिकून आलेल्या डॉक्टरांनी त्यांना पहिला आहार सांगितला : घरी केलेले चिकन नूडल सूप. कोंबडी, पाणी, मीठ, चिमूटभर मिरपूड आणि थोड्या नूडल्स. तेल-तिखट वर्ज्य. "आतडी कच्ची आहेत. तिखट पोटात गेलं तर पुन्हा दवाखाना," असे त्यांनी बजावले.

नूडल्स म्हणजे काय, याची चौकशी केल्यावर त्या शेवयाच निघाल्या. विलायतेत त्यांना दूध-साखर मिळाली नसावी, इतकाच फरक. त्या इतवारीच्या बाजारातून आणल्या गेल्या.

रुपरावांच्या पत्नी प्रेमलताबाईंनी अंगणातल्या शेगडीवर सूप चढवले. दुपारी ते तयार झाले. त्यातून पातेल्याचा तळ स्वच्छ दिसत होता. रसायनशास्त्राचा पदवीधर म्हणून सांगतो, द्रावण निर्दोष होते.

आतून रुपरावांचा आवाज आला, "झालं काय वं? मले लय भूक लागून राहिली."

"आणलंच!" प्रेमलताबाई म्हणाल्या, आणि त्याच वेळी शेजारचे कवडूजी प्रकृतीची चौकशी करायला आले. आमच्याकडे प्रकृतीची चौकशी चुलीपासून सुरू होते. त्यांनी पातेल्यात डोकावून पाहिले.

"हे काय हाय वहिनी? कोंबडीनं आंघोळ केली काय याच्यात?"

"डॉक्टरनं असंच सांगतलं, भाऊजी."

"डॉक्टरले काय जाते सांगाले? खावं तर आपल्या रुपरावले लागते!"

कवडूजींनी वाटीभर चाखून पाहिले. चाखलेला पदार्थ कमी होतो, म्हणून तेवढे पाणी घालण्यात आले. पाण्याने चव उतरली, म्हणून कांदा भाजण्यात आला. कांदा कोरडा भाजला तर करपतो, म्हणून तेल आले. (औषधापुरतेच. पळी मात्र मोठी होती.) एवढ्यात मागच्या घरच्या तुळसाबाई आल्या.

"अवं पोरी, नुसतं तेल बाधते बिमाराले. तिखट टाक त्याच्यात!"

तिखटाशिवाय तेल बाधते, हा सिद्धांत आमच्या वस्तीत आजवर कोणीही खोटा ठरवलेला नाही. (कोणी तसे करूनच पाहिलेले नाही.) तिखटाला जोड म्हणून खसखस, धने, सुके खोबरे आणि दगडफूल आले. या मसाल्याने सर्दी निघते. रुपरावांना सर्दी नव्हती; पण ती होण्याची वाट पाहत बसणे शास्त्रीय नव्हे.

"देऊन राहिली काय वं?" आतून पुन्हा आवाज आला.

"उकळून राहिलं! धीर धरा जरासा!" कवडूजींनी परस्पर कळवले.

मग पाट्यावर वाटण सुरू झाले. वरवंट्याच्या घरघरीत आतला आवाज ऐकू येईनासा झाला आणि कामाला खरा वेग आला.

सूर्य कलता कलता सुपावर तेलाची बोटभर लाल तर्री आली. डॉक्टरांनी सांगितलेल्यापैकी एकही घटक वगळलेला नव्हता, हे मी मुद्दाम नमूद करतो. कोंबडी होती, पाणी होते, मीठ होते, मिरपूड तर भरपूर होती. फक्त अशा रश्श्यात शेवया सोडणे कोणाच्याच मनाला पटेना, म्हणून त्यांची खीर झाली. एका कोंबडीत इतक्या लोकांची सहानुभूती मावत नव्हती, म्हणून कवडूजींनी दुसरी आणली. माणुसकी आजारपणातच दिसते. ज्वारीच्या भाकरी थापल्या गेल्या. अंगणात पंगत बसली. चवीविषयी मी मते घेतली : शंभर टक्के लोकांनी पसंती कळवली. पैकी ऐंशी टक्क्यांनी तोंडाने, उरलेल्यांनी हातानेच, कारण त्यांचे तोंड रिकामे नव्हते.

ऐन रंगात डॉक्टर आले. ते रुपरावांना तपासायला आले होते. पण दाराशी आलेल्या माणसाला उपाशी आत पाठवण्याची आमच्याकडे पद्धत नाही. त्यांना पाट देण्यात आला. पहिल्या घासाला त्यांना घाम फुटला, दुसऱ्याला नाक वाहू लागले, तिसऱ्याला ते म्हणाले, "वाढा अजून!" निघताना त्यांनी तुळसाबाईंना दगडफुलाचे प्रमाण विचारले, आणि ते विसरू नये म्हणून पुटपुटत स्कूटरवर बसून सरळ घरी गेले.

हा प्रसंग मी पुष्कळांना सांगितला आहे. सगळे मन लावून ऐकतात आणि शेवटी मसाल्याबद्दल विचारतात. तेव्हा तुम्हालाही आधीच सांगून ठेवतो : दगडफूल चिमूटभर, खसखस भाजून, खोबरे काळपट होईपर्यंत परतून.

रुपरावांना त्या दिवशी काय खायला मिळाले, हे अद्याप कोणीही विचारलेले नाही. कोणी विचारले तर सांगेन.