फौजदाराच्या औषधाचा भात

"आता सांगतो ते तुमाला कुणालाच खरं वाटायचं न्हाई," कापूरहोळच्या चहाच्या दुकानात बाकावर मांडी ठोकत रायबा म्हणाला, आणि खरं वाटूच नये इतक्या थाटात त्यानं मिशीला पीळ दिला.

रायबा स्वतःला गुप्तपोलीस म्हणवून घेई. भोर संस्थान आणि वेल्ह्याचा डोंगर मिळून गुप्तपोलीस एकच, असं त्याचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. दुसऱ्या कुणाला ते सुचलंच नव्हतं. माणूस नुसता शिंकला तरी तो काल कुणाकडं जेवला ते आपण ओळखतो, असं तो सांगे. गावात मात्र 'फौजदार' अशी हाक मारली की सोजराबाई धनगरणीचा कुत्रा उठे. रायबाच्या धंद्यातलं हे सगळ्यात जुनं दुःख.

त्या फौजदारानं एकट्यानं बिबट्याला मेंढवाड्यातून हुसकलं आणि मागचा पाय फाडून घेतला. पाय सुजला, सडायला लागला. भोरला बाजाराच्या दिवशी गुरांचा डॉक्टर यायचा. पाय चिरावा लागेल, नाहीतर कुत्रा हातचा जाईल, असं म्हणून त्यानं असा आकडा सांगितला की सोजराबाई भर बाजारात मटकन बसली. गावात रोकड कुणाकडं? पण फौजदारानं राखलेली शेरडं सगळ्यांचीच होती. घरटी सूपभर खळ्यावरचा भात मारुतीच्या देवळात येऊन पडला. पुढच्या बाजारी विकायचा आणि डॉक्टरचं भागवायचं, असं ठरलं.

बाजाराच्या आदल्या सकाळी देऊळ रिकामं.

रायबा धोतर खोचून गुडघ्यांवर आला. वाटेवर तूस सांडलेलं होतं.

"चोरानं भात सोलून खाल्लाय," तो म्हणाला.

"येवढा?" गाडीवाल्या गेनूनं विचारलं.

"लई दिसांचा उपाशी आसंल."

मग त्याला देवळाच्या पायरीशी पडलेल्या फौजदाराच्या नाकावर तूस दिसलं आणि त्याचा चेहरा उजळला. "गेनू, फिर्यादीच आरोपी निघतोय बग."

"त्याला उबं ऱ्हाता येईना," सोजराबाई म्हणाली. रडून तिचे डोळे सुजले होते. "उद्या डॉक्टर गाठला न्हाई तर म्होरल्या बाजारापातुर माजं कुत्रं टिकायचं न्हाई. माज्या फौजदाराला सोडा, भात हुडका."

"मंग त्याला साथीदार हाय," म्हणत रायबानं भुईला कान लावला. खालून आवाज येत होता. धप, धप, धप.

"भुयार," तो कुजबुजला. "भात घिऊन आतनं राजगड गाठत्यात."

"पाली गावावरनं चांगली वाट हाय की गडाला."

"चोर वाटंनं जात न्हाई, गेनू."

चार पावलं चालायचं, कान लावायचा, असं करत रायबा आवाजामागं निघाला. आवाज वाढत वाढत एका दाराशी आला. दार ओळखीचं वाटलं, कारण ते त्याचंच होतं. आत अंगणात उखळाभोवती बायको धोंडाबाई आणि आळीतल्या बायका मुसळं घेऊन कांडत होत्या.

"बायांनो, कांडप थांबवा," रायबा ओरडला. "मला भुयाराचा आवाज आयकू येईना."

मुसळं थांबली. आवाजही थांबला.

"बगा, चोर सावध झालं."

बायका पुन्हा कांडू लागल्या. आवाज पुन्हा आला.

"आता घावलं," म्हणत रायबा उखळाशेजारी आडवा होऊन भुईला कान लावणार, एवढ्यात धोंडाबाईनं त्याला मुसळानंच बाजूला सारलं. "अवो, देवळातला भात हितं हाय. तुमी गडीमाणसं तसाच तुसासकट बाजारात निगाला व्हता. त्यात डॉक्टरचं भागलं असतं व्हय? तांदळाचं पैसं जास्ती येत्यात, म्हून कांडतोय."

"मला का सांगितलं न्हाई?"

"पहाटंपास्नं भुईला तोंड लावून हिंडताय. सांगायला तोंड वर कवा व्हतं?"

"तर असा म्या भात हुडकला," चहाची बशी खाली ठेवत रायबा दुकानातल्या लोकांना म्हणाला. "धोंडी आपली तितं हुबी व्हती, येवढंच. आन् भोरला डॉक्टरनं चाकू काडला तवा फौजदाराचा पाय कुनी धरला? म्या. पापणी सुदिक हलली न्हाई माजी."

दाराशी लोकरीचं गाठोडं घेऊन मोटारीची वाट बघत बसलेल्या सोजराबाईनं मागं वळून पाहिलं. तिच्याजवळ फौजदार चारी पायांवर उभा राहून शेपूट हलवत होता.

"पापणी कशी हलंल, रायबा?" ती म्हणाली. "चाकू बगून तुमी डोळं मिटून पडला व्हता. डॉक्टरनं कुत्र्याच्या आदी तुमालाच टेबलावर घेतलं."