छपरावरचा माणूस

"कपाटावर ठेवा ते," एवढंच गुंडीची आई म्हणाली होती. एवढ्या साध्या बोलण्यानं घरात परका माणूस शिरेल, हे तिला काय ठाऊक?

गुंडीचे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. लहानपणी त्यांना उडायचं होतं. मोठेपणी लोकांना तारेला टांगून वर-खाली करण्यावर भागवावं लागलं. पण उडणाऱ्या माणसांचं वेड काही सुटलं नाही. खूप वाट पाहून त्यांनी एक पुस्तक मागवलं होतं. पुस्तक कसलं, पाटच! मुखवटा चढवून, पाठीवर झूल सोडून जगाला वाचवत हिंडणाऱ्या कॉमिक्समधल्या वीरांचा सगळा इतिहास त्यात होता म्हणे. पहिली मुखपृष्ठं, चित्रकारांची खोडलेली रेखाटनं, छापताना रंग चुकलेली पानं. 'म्हणे' अशासाठी, की आत काय आहे ते खुद्द बाबांनीही पाहिलं नव्हतं. पुस्तकावर पारदर्शक प्लास्टिक घट्ट बसवलेलं होतं, आणि ते फाडायचं नाही, असा या नादातल्या लोकांचा नियम.

"मग वाचणार कधी?" गुंडीच्या आईनं विचारलं.

"वाचायचं नसतं, अगं. जपायचं असतं."

(हे म्हणजे लग्न करून बायकोला कायमचं माहेरी ठेवण्यासारखं झालं. पण नवऱ्याच्या नादाला तर्क लावू नये, हे ती एव्हाना शिकली होती.)

"रविवारी आमची मंडळी बघायला येणार आहेत," बाबा म्हणाले. "तोवर गुंडीपासून सांभाळ. तुझ्या भरवशावर सोडतोय."

गुंडीला दात येत होते. चप्पल, चमचा, बाबांचा कान, ती काहीही चावायची. म्हणून पुस्तक गेलं कपाटावर. बाबांनी ते भिंतीला टेकवून, तोंड पुढे करून उभं ठेवलं. मुखपृष्ठावर रात्रीचं शहर होतं आणि मधोमध एका उंच इमारतीचं छप्पर. छप्पर रिकामं. एवढ्या मोठ्या पुस्तकावर एक माणूस काढायला जमू नये? असं म्हणून आई कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं होतं. गुंडी झोपावी म्हणून तिनं पडदे ओढले. गुंडीच्या पाळण्यासमोर कपाट, कपाटाच्या दाराला वरच्या अंगाला आरसा, आणि पाळण्याच्या मागे स्वयंपाकघराचं दार. गुंडी दूध प्यायली की हमखास आईच्या पाठीवर ओकायची. म्हणून एका टॉवेलाची टोकं गळ्याशी बांधून तो पाठीवर सोडायची युक्ती आईनं काढली होती. तशीच ती दारात उभी राहिली.

गुंडी हसली.

तिच्याकडे बघून नव्हे. गुंडी समोर, वर, कपाटाकडे बघत होती. मग तिनं दोन्ही हात उचलले. ओळखीचं कुणी 'ये' म्हणाल्यावर उचलते ना, तसे.

आई पाळण्यापाशी धावली. तसं गुंडीचं हसू थांबलं. ती इकडेतिकडे शोधायला लागली. आई दारात परतली, आणि गुंडी पुन्हा खिदळली. पुन्हा पाळण्यापाशी, पुन्हा सगळं शांत. म्हणजे वर जे कुणी होतं, ते ती जवळ गेली की दडत होतं.

पंखा घरघरत होता. पडदा हलत नव्हता. ती पाळण्याशेजारी जमिनीवरच बसली. बसल्या जागेवरून तिनं वर पाहिलं.

छपरावर माणूस उभा होता.

काळा मुखवटा, अंगावर झूल, आणि डोळे सरळ तिच्याकडे. ती किंचाळत उठली. छप्पर रिकामं!

आता तो पुस्तकात नाही म्हणजे कुठे आहे? उघड आहे, घरात आहे. (घाबरलेल्या माणसाचं डोकं फार वेगानं चालतं, फक्त दिशा चुकते.) तिनं एका हातात लाटणं घेतलं, गुंडीला काखोटीला मारलं आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंचं दार वाजवलं.

काकू म्हणजे निवृत्त नर्स. उंचीला दाराच्या कडीएवढ्या, आवाजाला वॉर्डभर. "माणूस-बिणूस काही नसतं," असं जिना चढताना त्यांनी तीनदा बजावलं. खोलीत येऊन कमरेवर हात ठेवून वर पाहिलं आणि ते हात तसेच खाली आले.

"काकू, आहे?"

"आहे."

"मला तर नाही दिसत!"

"पण अर्धाच आहे गं," काकू कुजबुजल्या. "कमरेपर्यंत."

"अर्धा? मग बाकीचा कुठे गेला?"

"मी काय जाणे? बाहेर निघाला असेल थोडाथोडा!"

काकूंनी टाचा उंच केल्या. अर्धा माणूसही नाहीसा झाला. आयुष्यभर लोकांना सुया टोचत आलेल्या बाईनं त्यावर आईचा दंड असा काही धरला, की त्याचे वळ संध्याकाळपर्यंत राहिले.

"पुस्तक घराबाहेर काढ आधी. जिन्यात ठेव."

"यांनी माझ्या भरवशावर ठेवलंय हो! जिन्यात कसं ठेवू?"

"मग पिठाच्या डब्यात कोंड. झाकण घट्ट बसतं ना?"

काकूंनी गुंडीला छातीशी धरलं. आई स्टुलावर चढली. आता चित्र अगदी नाकासमोर आलं. रिकामं छप्पर, खाली मिणमिणते दिवे, कुठे काही हालचाल नाही. तिनं श्वास रोखून पुस्तक उचललं. जड होतं ते, उचलताना कललं. आणि छपराच्या कडेवरून आधी मुखवटा वर आला, मग खांदे, मग मूठ, सरळ तिच्या तोंडावर!

तिनं पुस्तक सोडलं. ते कोपऱ्यावर आपटलं. टर्रकन् आवाज झाला आणि प्लास्टिक या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटलं.

भुतापेक्षा नवऱ्याची भीती मोठी की कसं, हे ती ठरवत होती. तेवढ्यात कामावरून लवकर सुटलेला नवराच दारात उभा राहिला.

बाबांनी जमिनीवर पाहिलं. मग तिच्याकडे. मग स्टुलाकडे. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खाली बसले आणि त्यांनी फाटक्या प्लास्टिकवरून नुसता हात फिरवला.

"त्यात माणूस आहे हो," ती रडवेली होऊन म्हणाली. "येतो आणि जातो."

बाबांनी पुस्तक उचलून मागेपुढे कलवलं. माणूस आला. गेला. आला. "चित्रच तसं आहे, अगं. खालून बघितलं की दिसतो, समोरून बघितलं की नाही. सांगायचं राहिलं." मग त्यांनी सुस्कारा टाकला, आणि आता फाटलंच आहे तर, म्हणून पहिलं पान उघडलं. नव्या शाईचा वास आला. दुसरं पान. तिसरं. चेहरा दहा वर्षांच्या मुलासारखा झाला. "रविवारी त्या मंडळींना काय वाचून दाखवीन मी! ते नुसते बाहेरून बघतात बिचारे."

तिचा जीव भांड्यात पडला. तिनं गुंडीला पाळण्यात ठेवलं, लाटणं जागेवर ठेवायला हातात घेतलं आणि दूध तापवायला निघाली.

स्वयंपाकघराच्या दारात पोचली, आणि मागून गुंडी खिदळली.

पुस्तक बाबांच्या मांडीवर होतं. कपाटावर काही नव्हतं. आणि गुंडी वर बघून हात उचलत होती.

"अहो," ती दारातच थिजली. "ती कुणाकडे बघतेय?"

बाबा पाळण्याशी ओणवे झाले, गुंडीच्या डोक्याला डोकं लावून. तिच्या नजरेच्या रोखानं वर पाहू लागले.

"दिसतो का?"

"दिसतो," ते हळूच म्हणाले. "पाठीवर झूल आहे. केस चारी दिशांना."

"आई गं!" तिनं लाटणं वर केलं.

"हातात दंडुका आहे. आता वर उचलला."

ती किंचाळली.

"आता तोंड उघडलं. दातही आहेत."

काकूंना राहवेना. त्याही गुडघ्यांवर बसल्या आणि बाबांनी रोखलेल्या बोटामागून कपाटाकडे पाहिलं. आरशात स्वयंपाकघराचं दार दिसत होतं. दारात गळ्याशी टॉवेल बांधलेली, लाटणं उगारलेली गुंडीची आई उभी होती.

"हं," काकू म्हणाल्या. "हा मात्र अख्खा आहे."