बाळाच्या झोपेसाठी चौदा भोकं

फोटोवाल्या ताईंच्या सामानाची तिसरी खेप घरात आली, तेव्हा दशांशला घाम फुटला. एक वेताची टोपली, एक लाकडी चंद्र, लोकरीच्या सात टोप्या, छत्रीएवढे दोन दिवे आणि खोली उबदार करायला एक हीटर. एवढा संसार तीन किलो दोनशे चाळीस ग्रॅमच्या एका जिवासाठी.

दशांश हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तो वजनकाटे तपासायच्या कामावर होता आणि साध्या गप्पांतही दशांशचिन्हापुढचे दोन आकडे सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे, म्हणून ऑफिसनं त्याचं हे बारसं केलं होतं. खुद्द त्याचं बाळ अजून बिननावाचं आणि तेरा दिवसांचं होतं. ताईंचा नियम असा, की टोपलीतले झोपलेले फोटो चौदाव्या दिवसापर्यंतच; मग बाळं हातपाय ताणायला लागतात आणि मुटकुळं करून राहत नाहीत. उद्यापासून ताई दुसरीकडे अडकलेल्या. म्हणजे आज नाही तर कधीच नाही.

एवढ्या पैशात नवा फ्रिज येईल, हे त्यानं बायकोला महिन्यापूर्वीच सांगून पाहिलं होतं. तेव्हा ती शांतपणे म्हणाली होती, "माझा पहिला फोटो शाळेत नाव घालतानाचा आहे. त्यात मी रडतेय आणि नाक वाहतंय. त्याआधी मी कशी दिसत होते, हे मला कुणी दाखवूच शकत नाही. माझ्या बाळाचं तसं नको व्हायला." आणि दाराशी जाऊन परत वळून, "पाच ग्रॅमचा फरक दाखवणारा काटा तू बाळासाठी आणलास, तेव्हा मी काही बोलले होते?"

पैसे आगाऊ गेले, परत न मिळण्याच्या अटीवर.

पैसे गेलेच आहेत तर काम चोख व्हावं, म्हणून दशांशनं बाळाचा तक्ता मांडला. दूध, लंगोट, खोलीचं तापमान, झोप. आठ दिवसांच्या नोंदींतून त्याला सोनं सापडलं: बाळ रात्रभर घराला नाचवत असलं तरी सकाळी साडेदहा ते साडेबारा मेल्यासारखं झोपतं. 'मेल्यासारखं' या शब्दावरून सासूबाईंनी त्याला फैलावर घेतलं, तेव्हा त्यानं तो खोडून 'गाढ' केला. मधला एक दिवस तेवढा बाळानं त्या वेळी आकांत केला होता. तो दिवस त्यानं अपवाद म्हणून गाळला आणि ताईंना साडेदहाची वेळ दिली.

एवढ्यावर तो थांबला असता तर बरं झालं असतं. पण शेजारच्या काकांकडे स्वयंपाकघराचं काम चालू होतं. मिस्त्रीचं ड्रिल रोज भिंत किरकिरवत असे. फोटोच्या दिवशी दगाफटका नको म्हणून दशांशनं इमारतीच्या सेक्रेटरींना लेखी अर्ज दिला, की नवजात बालकाच्या झोपेस बाधा पोचत असल्यामुळे उद्याचं ड्रिलचं काम बंद ठेवावं. सेक्रेटरींनी काकांना तशी नोटीस दिली. काकांनी ती सही करून घेतली, पण त्या संध्याकाळी जिन्यात ओळख दाखवली नाही.

आणि आज साडेदहा वाजले. इमारतीत टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता होती. बाळ टक्क जागं होतं.

पावणेअकराला दूध झालं. अकराला ताईंनी त्याला गुंडाळलं. त्यानं एक हात सोडवून घेतला. सव्वाअकराला सासूबाईंनी मांडीवर झुलवलं आणि त्यांनाच डुलकी लागली. साडेअकराला बाळ रडायला लागलं. ताई घड्याळ बघत, अगदी गोड आवाजात म्हणाल्या, की दीडला त्यांना निघावंच लागेल. बायकोनं लाकडी चंद्राची धूळ पुसली, मग पुन्हा पुसली. तिचा चेहरा बघून दशांशला फ्रिज आठवेनासा झाला.

सासूबाई दचकून जाग्या झाल्या. "आज कसं चुकल्यासारखं वाटतंय," त्या म्हणाल्या. "रोज या वेळेला ती घरघर असते ना."

दशांशनं तक्ता ओढला. गाळलेला दिवस बघितला. तो मिस्त्रीच्या सुट्टीचा दिवस होता.

"गाढवा," तो पुटपुटला. सासूबाईंनी वर पाहिलं, तेव्हा त्याला घाईनं सांगावं लागलं की हे स्वतःला होतं.

शेजारचे काका हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. दार उघडून त्यांनी दशांशचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, घातला.

"काल तुम्ही लेखी दिलंत, की आवाजानं बाळ झोपत नाही."

"हो."

"आज तोंडी सांगताय, की आवाजाशिवाय झोपत नाही."

"हो, काका."

"मग हेही लेखी द्या."

दशांशनं जिन्यात उभ्या उभ्या लिहून दिलं, की काकांकडील ड्रिलचा आवाज बालकाच्या प्रकृतीस हितकारक आहे. काकांनी 'अत्यंत' हा शब्द घालायला लावला. शिवाय एक अट: घरात एवढी मोठी फोटोवाली आलीच आहे, तर त्यांच्या नव्या स्वयंपाकघराचेही चार फोटो काढावेत. मुलगा परदेशी असतो, त्याला पाठवायचे आहेत. खर्च अर्थातच अर्जदाराचा.

दशांशनं तेही कबूल केलं. पण आतून मिस्त्री पॉलिशचा बोळा हातात घेऊन आला आणि म्हणाला की भोकं कालच संपली.

"फळीला पाडा एखाद्या," दशांश म्हणाला.

"फळीचा आवाज वेगळा येतो. भिंतीचा पाहिजे ना तुम्हाला?"

"माझ्या भिंतीला हात लावायचा नाही," काका म्हणाले. "ज्याचं बाळ, त्याची भिंत."

पाच मिनिटांत मिस्त्री दशांशच्या स्वयंपाकघरात ड्रिल घेऊन उभा होता. दार लावलं, फटीत टॉवेल कोंबला.

"फळी कुठं बसवायची?"

"फळी नाही."

"मग खुंटी?"

"काहीच नाही. नुसतं भोक."

मिस्त्रीनं त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि ड्रिल लावलं. तिसऱ्या मिनिटाला दाराबाहेरून सासूबाईंची कुजबुज आली, की झोपलं.

ड्रिल थांबलं की बाळाच्या पापण्या हलत. त्यामुळे ताई टोपी बदलत, तेव्हा एक भोक. टोपलीतून चंद्रावर नेत, तेव्हा दोन. आठव्या भोकाला ओट्यामागची एक फरशी तडकली. अकराव्याला ती पडली, आणि जाताना शेजारचीला घेऊन गेली. दशांश डोक्यावर सिमेंटची भुकटी घेऊन आतून भोकं मोजत राहिला. चौदा झाली, तेव्हा ताईंनी दार किलकिलं करून अंगठा वर केला. मग त्या काकांकडे गेल्या आणि तिथल्या कपाटांवर तेच छत्रीएवढे दिवे लावून आल्या.

आठवड्यानं फोटो आले. बाळ टोपलीत, गालाखाली मूठ, ओठांवर दुधाचा बुडबुडा. बायकोनं तो फोटो दोन्ही हातांनी धरला आणि बाळाच्या गालाशी नेऊन ताडून पाहिला. फ्रिज फ्रिजच्या जागी, तो मनाशी म्हणाला, हे वसूल झालं.

मग तिनं पुढचा फोटो बाहेर ओढला. ताईंकडून पाकिटात चुकून काकांचेही चार फोटो आले होते. पांढरीशुभ्र कपाटं, लपवलेले दिवे, लोण्यासारखा ओटा. हा फोटो तिनं बाळाच्या फोटोपेक्षा जास्त वेळ पाहिला. मग मान वळवून स्वतःच्या स्वयंपाकघराकडे पाहिलं: दोन फरश्या गायब, आणि भिंतीला चौदा भोकं.

"मिस्त्रीचा नंबर आहे ना तुझ्याकडे?" तिनं विचारलं.

दशांशनं तोंड उघडलं. नव्या स्वयंपाकघराच्या पैशात किती फ्रिज येतील, हे दशांशचिन्हापुढच्या दोन आकड्यांपर्यंत त्याच्या जिभेवर आलं होतं.

"नाही म्हणजे," ती बाळाला थोपटत म्हणाली, "काम दोन महिने तरी चालेल. तेवढे दिवस हे झोपेल तरी."

शेजारी आता पूर्ण शांतता होती. मांडीवरचं बाळ टक्क डोळ्यांनी बापाकडे बघत होतं. दशांशनं तोंड मिटलं आणि तो मोजपट्टी आणायला उठला.