बंडीवर मावणारी नाव

आमचे शेजारी, तहसील कचेरीतले नाझर अण्णाजी, यांना पोहता येत नव्हतं. गुडघाभर पाण्यातही ते धोतर सावरायचं सोडून आधी देवाचा धावा करायचे. आणि या माणसाला घरची नाव घ्यायची होती! साठ सालच्या सुमारास राळेगावातले हौशी लोक रेडिओ निवडत होते, तेव्हा अण्णाजी नाव निवडत होते.

नाव बैलबंडीवर मावली पाहिजे, ही मुख्य अट. "वर्धा नदी आपल्या दारी थोडीच येते, गुरुजी?" असं मलाच समजावायचे. कचेरी सुटली की अंगणात चुन्यानं नावेचा आकार आखत. त्यात बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, बसवत, शेजारी ट्रंक आणि लोणच्याची बरणी ठेवत. मी काठी धरून नावाडी. काकू पदर तोंडाला लावून हसायच्या, पण सांगतील तिकडे झुकायच्या.

एकदा नदीवर नाव चालवणाऱ्या भोयाची खरी नाव बंडीवर चढवली. लांबी जास्त झाली, भार मागं गेला, जू आभाळाला लागलं आणि अण्णाजी चिखलात. धोतर झटकत म्हणाले, नाव उत्तम हाये, बंडीच आखूड निघाली.

मग भोयानं दोघांपुरती नाव आणली. बंडीवर झकास बसली. अण्णाजींनी ती परत पाठवली, तिघांची पाहिजे म्हणाले. मी वैतागलो. घरात तुम्ही दोघंच, तिसरं कोण बसणार?

त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहून आवाज उतरवला.

"हिचं माहेर नदीपल्याड. आई गेली तवा पूर होता. पूर ओसरला, पण घाटावरची नाव वाहून गेलती. ही दोन दिवस काठावर उभी होती, गुरुजी. मी नुसता बाजूले. आता बाप एकटा हाये तिकडं. त्याले आणाचं हाये."

माझीच मला लाज वाटली.

तिघांची नाव शेवटी मिळाली. श्रावणात म्हातारा आजारी असल्याचा निरोप आला. आम्ही बंडी जुंपून नदीवर गेलो. पूर उतरला होता, घाटावर दुसरी नाव नव्हती. भोई, काकू आणि अण्णाजी पलीकडे गेले. मी काठावर बैल धरून बसलो.

येताना भोयानं दोन खेपा केल्या. पहिल्या खेपेला काकू, त्यांचे वडील आणि अण्णाजी नावेत बसले, तर भोयालाच जागा उरेना. भोई चौथा, हा हिशोब त्या कारकुनाच्या डोक्यातच आला नव्हता! म्हणून अण्णाजी पलीकडेच उतरले आणि दुसऱ्या खेपेला एकटे आले, डोळे गच्च मिटून. काकूंनी वडिलांना बंडीत निजवलं होतं. त्या धावत पाण्यात उतरल्या आणि सगळ्यांदेखत त्यांनी नवऱ्याचा हात धरला. अण्णाजी डोळे न उघडताच विचारत होते, "बाबा कोरडे आले ना?"