जोमानानांचा सर्व्हर

जोमानानांनी एकुलत्या एका मुलीच्या लग्नाला दोन भटजी सांगितले होते. एक आजारी पडला तर? बँडही दोन. हळदीला गाणी म्हणायला आगऱ्यांत धवलारीण बोलावतात, त्याही दोन. दुर्दैवाने सगळेच धडधाकट आले. भटजींनी मंगलाष्टकं म्हणताना एकमेकांवर आवाज चढवला, दोन्ही बँड वेगवेगळी गाणी वाजवत बाळकुमच्या गल्लीत समोरासमोर आले, आणि पहिलं गाणं कुणाचं यावरून धवलारणींचं असं जुंपलं, की नवरी बिचारी अर्धी पिवळी होऊन ताटकळत बसली. नाना मात्र मांडवात समाधानाने फिरत होते. म्हणत होते, "बगा, कायपन बंद परला नाय."

'पडला'ला नाना 'परला' म्हणत. वाडवडील मिठागरात राबलेले, नंतर जमिनी इमारतींखाली गेल्या, आणि नानांनी कापूरबावडीच्या नाक्यावर ट्रकच्या सुट्या भागांचं घाऊक दुकान टाकलं. ठाण्या-कळव्यापासून कल्याणपर्यंतचे गॅरेजवाले आमच्याकडे यायचे. माल दोन जातींचा : ओरिजनल आणि डुप्लिकेट. डुप्लिकेट निम्म्या किमतीत. पण नाना तो सुखासुखी देत नसत. गिऱ्हाईकाला स्टुलावर बसवून विचारत, "आन बंद परला त?" तो म्हणे, बघू तेव्हाचं तेव्हा. मग नाना शांतपणे म्हणत, "घे बाबा. फकस्त गारी कनच्या घाटान बंद परल ता आदी ठरव." गिऱ्हाईक निमूटपणे ओरिजनल घेऊन जाई.

मी त्या दुकानात बिलं लिहायचो. परभणीकडून आलेलो, सातवीत शाळा सुटलेली. इथे येऊन चार ठिकाणी विचारलं, चारही ठिकाणी मार्कशीट मागितली. नानांनी आधी जेवलास का विचारलं आणि मग अक्षर बघितलं. शाळेचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. पण धास्ती कधी गेली नाही. नाना नुसते खाकरले तरी मला वाटायचं, आता हे विचारणार. माझ्या शेजारी मोरेकाका बसत. तेही लिहिणारेच, पन्नाशीला आलेले, आणि काळजीच्या बाबतीत माझे गुरू.

नानांची बायको वारलेली, मुलगी पुण्याला. दुपारी आम्ही सगळे माळ्यावर एकत्र जेवायचो. नाना प्रत्येकाच्या डब्यात डोकावून वरून माशाचा तुकडा टाकायचे. मी माळकरी घरातला. पहिले काही दिवस तो तुकडा गुपचूप मोरेकाकांच्या ताटात सरकवायचो, नंतर खाऊ लागलो.

मग जावईबापूंनी सर्व्हरचा विषय काढला. सगळीकडे कॉम्प्युटर येत होते तेव्हाची गोष्ट. आतल्या खोलीत एक मोठी पेटी राहणार, तिच्यात सगळ्या मालाचा हिशेब, बाहेर काउंटरवर दोन पडदे. बटण दाबलं की छापील बिल. जावईबापूंनी हे आमच्यासमोरच समजावलं आणि शेवटी सहज म्हणाले, "मग लिहायला माणसं लागणार नाहीत, पप्पा."

त्या दिवशी मोरेकाकांनी डबा उघडलाच नाही. सातवीवाल्याला आणि पन्नाशीवाल्याला आता बाहेर कोण विचारतंय, एवढंच म्हणाले. आमची एकच आशा होती, ती म्हणजे नानांचा स्वभाव. दोन भटजींचा माणूस, पेटी घ्यायला वर्ष लावील. पण मोरेकाकांना तेही पटेना. ते म्हणाले, "अरे, घेतील तर भरवशाचीच घेतील. आणि वर दोन घेतील."

एके दिवशी मोठ्या कंपनीचा टायवाला माणूस आला. नानांनी त्याला स्टुलावर बसवलं आणि ठरलेला प्रश्न विचारला. त्यावर त्याचा चेहरा असा खुलला, जणू याच प्रश्नासाठी तो जन्माला आला होता. म्हणाला, शेठ, आमच्या सर्व्हरमध्ये सगळं दोन-दोन आहे. डिस्क दोन. वीजपुरवठ्याचे डबे दोन. एक गेला की दुसरा आपोआप सुरू, तुम्हाला कळणारसुद्धा नाही. मोरेकाकांनी माझा हात घट्ट धरला. संपलं, आमच्या नानांना यंत्रांत जुळा भाऊ भेटला.

पण नाना खूश दिसेनात. बराच वेळ टेबलावर बोट फिरवत राहिले. मग विचारलं, "म्हंजे कवाच बंद परनार नाय?"

"कधीच नाही."

"मानसाचा कामच नाय?"

"एकाही माणसाचं नाही," टायवाला अभिमानाने म्हणाला.

नानांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. आठवडाभराने कल्याणचा बंटी आला. हा सुटे भाग आणून घरीच कॉम्प्युटर जोडायचा. त्याला 'असेंबल्ड' म्हणत. आमच्या भाषेत डुप्लिकेट. किंमत निम्मी. नानांनी त्यालाही तेच विचारलं. बंटीने मान खाजवली आणि खरं सांगितलं, की उन्हाळ्यात तापतो, महिन्यातून एखाद्या वेळी बसणारच.

"नक्की ना?" नानांनी विचारलं, आणि तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

नाक्यावर नानांचं हसं झालं. ज्यांना त्यांनी वर्षानुवर्षं ओरिजनल गळ्यात मारलं होतं, ते गॅरेजवाले मुद्दाम येऊन विचारायचे, काय नाना, कनच्या घाटान? नाना खाली मान घालून ऐकून घ्यायचे. मला तर त्यांच्याकडे बघवत नसे. जावईबापूंचा फोन आला तेव्हा मी काउंटरवरच होतो. पलीकडचा आरडाओरडा मलाही ऐकू येत होता. नाना एवढंच म्हणाले, "चुकला माजा. पन आता मशीन भरवशाची नाय, त लिवनारी मानसा ठेवालाच लागतील. मी तरी काय करू?"

मी मोरेकाकांकडे बघितलं. ते कोऱ्या बिलावर कार्बन पुन्हा पुन्हा सारखा करत होते.

पण आमचं नशीबच खोटं. ती पेटी बंदच पडेना. उन्हाळा आला, गेला, ती घुरघुरत चालूच. पडद्यासमोर बसवलेला नवा मुलगा बिलं फाडायचा आणि आम्ही दोघं पेनं पुसत बसायचो. पुण्याहून दर रविवारी फोन यायचा, मशीन कशी चाललीय, आणि ती दोन माणसं अजून आहेत का. मोरेकाकांनी वॉचमनच्या कामासाठी एका ठिकाणी शब्द टाकून ठेवला होता. मी गावी जाण्याचा विचार करू लागलो. पण गावी तरी काय होतं.

अशाच एका सकाळी मी आतल्या खोलीत नटबोल्टचं खोकं आणायला गेलो. नाना पेटीसमोर पाठमोरे उभे होते. त्यांनी भिंतीवरचं मोठं बटण बंद केलं, पेटीमागची एक वायर उपसून धोतराच्या सोग्यात खोचली आणि वळले. मी समोर. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बाहेर जाऊन मात्र दणदणीत आवाजात सगळ्यांना कागद-कार्बन काढायला सांगितलं.

त्या दिवशी काउंटरवर झुंबड उडाली. मोरेकाका ओरडत होते, मी लिहीत होतो, गॅरेजवाले शिव्या घालत होते, आणि नाना आमच्या खुर्च्यांमागे उभे राहून कुणाला पाणी, कुणाला पान देत होते. जेवायच्या वेळेला बंटी कल्याणहून धावतपळत आला आणि थेट आतल्या खोलीकडे निघाला. नानांनी त्याचा दंड धरला आणि त्याला माळ्यावर आमच्या पंगतीत बसवलं.

"नाना, आधी बघू तरी द्या काय झालंय."

"घाई कनाला?" नाना त्याच्यापुढे ताट सरकवत म्हणाले. "आदी जेव. सगली बसलीन."